वीरकाव्य आणि अद्भुतरम्य कथा : एका सोयीच्या तक्त्याचा समाचार

इंग्रजी वाङ्मयाच्या परीक्षार्थींसाठी ज्या मार्गदर्शिका निघतात, त्यांत एक तक्ता हमखास आढळतो. मधोमध उभी रेघ. डाव्या रकान्याच्या माथ्यावर 'वीरकाव्य' आणि उजव्या रकान्याच्या माथ्यावर 'रोमान्स'. डावीकडे युद्ध, उजवीकडे प्रेम. डावीकडे इतिहास, उजवीकडे जादू. डावीकडे पुरुषांचे जग, उजवीकडे स्त्रीची पूजा. डावीकडे मरण, उजवीकडे गोड शेवट. चार ओळींत मध्ययुगीन इंग्रजी कथाकाव्याचा निकाल! पुढे परीक्षा होते, पदवी मिळते, नोकरी लागते, कोलकात्याहून दिल्लीस आणि दिल्लीहून चेन्नईस बदल्या होत राहतात. परंतु या तक्त्याची बदली मात्र आपल्या डोक्यातून कधी होत नाही. मंडळाच्या वार्षिक व्याख्यानात वक्ते तो म्हणतात, श्रोते माना डोलावतात, आणि दिवाळी अंकांतील लेखांतून तो पुन्हा नव्या शाईने छापला जातो.

या तक्त्याशी माझे वैर आहे. तो क्वचित कामाला येतो हे खरे. पण ज्या ग्रंथांविषयी तो बोलतो ते ग्रंथ उघडले, की त्याची एकही ओळ धड उभी राहत नाही. आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या दोन काव्यप्रकारांत एक खरा, खोल आणि आजही आपल्याला विचार करावयास लावणारा भेद आहे. तो या तक्त्याने झाकून टाकला आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा करू. 'शिव्हल्री' या शब्दासाठी आपण मराठीत सर्रास 'स्त्रीदाक्षिण्य' म्हणतो. वस्तुतः त्या शब्दाच्या मुळाशी स्त्री नसून घोडा आहे. 'शवाल' म्हणजे फ्रेंच भाषेत घोडा; त्यावरून घोडेस्वार योद्ध्यांचा वर्ग, आणि पुढे त्या वर्गाची आचारसंहिता असा अर्थाचा प्रवास झाला. स्त्रियांशी अदबीने वागणे हे त्या संहितेतील एक कलम होते. संपूर्ण संहिता नव्हे. 'नाइट'ला आपला 'शिलेदार' जवळचा, कारण घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे. तथापि नाइटला विधिपूर्वक दीक्षा मिळे आणि तो वचनांनी बांधलेला असे. 'रोमान्स' या शब्दाचीही तीच गत. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या फ्रेंचीत, सांगितलेली गोष्ट एवढाच त्याचा मूळ अर्थ. प्रणयाचा रंग त्यावर मागाहून चढला. हळबे यांच्या 'मुक्तामाले'सारख्या (१८६१) कादंबऱ्यांना आपण 'अद्भुतरम्य' म्हणतो. तोच शब्द मी येथे वापरतो, कारण 'प्रणयकथा' यापेक्षा तो पुष्कळच बरा. 'महाकाव्य' हा शब्द मात्र टाळतो. आपल्या आर्ष महाकाव्यांच्या मापाने पाहिले तर ३,१८२ ओळींचा 'बेवुल्फ' म्हणजे एखादे उपपर्वच. आणि माल्डनच्या लढाईवरील काव्याच्या तर जेमतेम ३२५ ओळी हाती लागल्या आहेत. त्यांचा मोठेपणा लांबीत नाही. म्हणून 'वीरकाव्य'.

आता तक्त्याची एकेक ओळ घेऊ.

डावीकडे युद्ध आणि उजवीकडे प्रेम, असे म्हणतात. इंग्रजीतील सर्वोत्कृष्ट अद्भुतरम्य कथा म्हणून चौदाव्या शतकाच्या अखेरच्या 'सर गवेन आणि हिरवा नाइट' या काव्याकडे बोट दाखविण्यात येते. त्यात नायकाने साधावयाचे ते काय? तीन सकाळी यजमानाची सुंदर पत्नी त्याच्या शय्येशी येऊन बसते आणि तो तिला न दुखविता, असभ्य न ठरता, नकार देत राहतो. प्रेम करणे हे त्याचे कार्य नसून प्रेम टाळणे हे त्याचे कार्य आहे! उलट 'बेवुल्फ'मध्ये झुंजी तीनच. त्या झुंजींइतकीच जागा तरी भोजनसभांनी, भाषणांनी, देणग्यांच्या वर्णनांनी आणि जुन्या वैरांच्या आठवणींनी व्यापली आहे.

डावीकडे इतिहास आणि उजवीकडे जादू, ही दुसरी ओळ. 'बेवुल्फ'मध्ये नरभक्षक ग्रेन्डेल आहे, सरोवराच्या तळाशी राहणारी त्याची आई आहे, आग ओकणारा सर्प आहे. ही जादू नव्हे काय? त्याच काव्यात गीट लोकांचा राजा हिगेलाक फ्रिसियावर स्वारी करून मरतो, आणि ती स्वारी सहाव्या शतकातील खरी घटना आहे. तूरच्या ग्रेगरीने आपल्या इतिहासात तिची नोंद केली आहे. म्हणजे एकाच पानावर सर्पही आहे आणि इतिहासही आहे. दुसऱ्या बाजूस, हिरव्या नाइटच्या शोधात निघालेला गवेन अँग्लसीची बेटे डावीकडे टाकून विरलच्या रानातून जातो. ही नावे आजच्या नकाशावर सापडतात.

डावीकडे पुरुषांचे जग आणि उजवीकडे स्त्रीची पूजा, ही तिसरी. डेन राजा ह्रोथगार याची राणी वेल्थ्यो ही हातात पेला घेऊन सभेत फिरते, आणि फिरता फिरता आपल्या मुलांच्या वारसाहक्काविषयी भर सभेत राजाला जाणीव देते. हिल्डेबुर्हची कथा तर अंगावर काटा आणते : माहेर आणि सासर यांच्या भांडणात तिचा भाऊ व मुलगा एकाच वेळी पडतात आणि दोघांना एकाच चितेवर ठेवण्याची आज्ञा तिला द्यावी लागते. हिगेलाकच्या मरणानंतर त्याची विधवा हिग्ड हीच बेवुल्फला सिंहासन देऊ करते. या स्त्रिया राज्याच्या मर्मस्थानी उभ्या आहेत. आणि पूजा कोठे आहे म्हणाल, तर गवेनला आपली फसवणूक कळताच तो आदम, सॉलोमन, सॅम्सन आणि डेव्हिड यांची नावे घेऊन स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतो, ते वाचून कोणताही 'स्त्रीदाक्षिण्य'वादी लाजेल.

डावीकडे मरण आणि उजवीकडे गोड शेवट, ही चौथी. सर टॉमस मॅलरीने १४६९-७० मध्ये पूर्ण केलेला आणि विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेला आर्थरकथांचा ग्रंथ ज्याने शेवटापर्यंत वाचला, त्याला ही ओळ खोडण्यासाठी दुसरा पुरावा नको. त्या ग्रंथाच्या नावातच राजाचे मरण आहे.

काही जाणते गृहस्थ तक्त्याला पाचवी ओळ जोडतात : वीरकाव्य अनुप्रासबद्ध आणि रोमान्स यमकबद्ध. 'सर गवेन' अनुप्रासबद्ध आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी यमकांची लहानशी शेपटी आहे, एवढेच. छंदावरून काव्याची जात ठरविणे म्हणजे कागदाच्या रंगावरून फाइलीतील मजकूर ठरविण्यासारखे आहे.

मग भेद आहे तरी कोठे?

डब्ल्यू. पी. केर या विद्वानाने १८९७ मध्ये या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन चित्रे दिली आहेत. वीरकाव्याचे चित्र म्हणजे मोठ्या संख्येच्या शत्रूपुढे अरुंद जागा अडवून धरणारी मूठभर माणसे. रोमान्सचे चित्र म्हणजे अरण्यातून एकटाच घोड्यावर चाललेला आणि वाटेत दुसऱ्या नाइटशी गाठ पडणारा वीर. ही चित्रे इतकी नेमकी आहेत, की तक्तेवाल्यांनी तीच घेतली असती तरी पुष्कळ उपकार झाले असते. तथापि चित्र म्हणजे कारण नव्हे. एक जागा अडवून का उभा राहतो आणि दुसरा अरण्यात का हिंडतो, हे विचारल्यावाचून भेद समजावयाचा नाही. माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : संकट कोठून आले? वीरकाव्यात संकट दारात येते. ह्रोथगारच्या सभागृहावर ग्रेन्डेल बारा वर्षे धाड घालीत आहे. माल्डनजवळ व्हायकिंगांची जहाजे इ. स. ९९१ च्या ऑगस्टमध्ये नदीत शिरली आहेत. नायकाला ते संकट हवे होते की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. यावर कोणी म्हणेल, की बेवुल्फ तर आपण होऊन समुद्र ओलांडून डेन लोकांच्या मदतीस गेला. मग तो भटका नाइट का नव्हे? उत्तर काव्यातच आहे. बेवुल्फच्या बापाच्या हातून पूर्वी खून घडला होता, आणि ते वैर ह्रोथगारने स्वतःच्या द्रव्याने मिटविले होते. मुलगा येतो तो बापाच्या डोक्यावरचे ऋण घेऊन येतो. तो पराक्रमाला आसुसलेला आहे खरा, पण तो पराक्रम एका जुन्या हिशेबात जमा होणार आहे.

याच्या उलट, क्रेतियां द त्रॉय याने बाराव्या शतकात फ्रेंचमध्ये लिहिलेली इव्हेनची कथा पाहा. चौदाव्या शतकात ती इंग्रजीतही उतरली. तेथे एक नाइट रानात एका अक्राळविक्राळ गुराख्याला भेटतो. 'तू काय शोधतोस?' असे गुराखी विचारतो. 'साहस,' असे नाइट उत्तर देतो. आपले शौर्य कसोटीला लागेल अशी काही गोष्ट त्याला हवी आहे. गुराख्याने साहस नावाची वस्तू कधी ऐकलेलीच नाही! तो बिचारा एक झरा दाखवितो. त्या झऱ्याचे पाणी शेजारच्या शिळेवर ओतले की भयंकर वादळ उठते. नाइट पाणी ओततो आणि वादळ उठवितो. झऱ्याचा धनी धावत येतो आणि तक्रार करतो, की कोणताही दावा न सांगता तुम्ही माझ्या रानाची नासधूस का केली? तक्रार अगदी वाजवी आहे. पण कथेला तिच्याशी कर्तव्य नाही. तिला द्वंद्व हवे आहे. संकट येथे दारात आले नाही. नायकाने ते हाताने ओतून घेतले.

दुसरा प्रश्न : चूक कोणाची, आणि तिची किंमत कोणी दिली? माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. माल्डन येथे व्हायकिंग एका बेटावर अडकले होते. भरती ओसरली की किनाऱ्याशी जोडणारी एक अरुंद वाट उघडी पडे, आणि ती तीन इंग्रज योद्ध्यांनी रोखून धरली होती. एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ याने शत्रूला अलीकडे येऊन लढण्यास जागा दिली. कवी त्याला शूर म्हणतो, उदार म्हणतो. पण हे त्याने ज्या मनोवृत्तीने केले, तिला अतिरेकी अभिमान अशा अर्थाचा शब्द लावतो. 'बेवुल्फ'चा मोठा भाष्यकार जे. आर. आर. टॉल्किन याने १९५३ मध्ये याच एका शब्दावर बोट ठेवून त्या सरदाराचा कठोर न्याय केला. सरदार पडला. गॉड्रिक नावाचा त्याचा सेवक धन्याच्याच घोड्यावर बसून पळाला. घोडा ओळखून पुष्कळांना वाटले की धनीच पळतो आहे, आणि फळी फुटली. उरलेले एकेक करून बोलतात आणि मरतात. त्या वर्षी इंग्रजांनी आक्रमकांना १०,००० पौंडांची खंडणी दिल्याची नोंद बखरीत आहे. एका माणसाच्या अभिमानाची किंमत सैन्याने दिली.

बेवुल्फचाही शेवट असाच होतो. पन्नास वर्षे राज्य करून म्हातारा झालेला राजा सर्पाशी एकट्याने झुंजावयास निघतो. बरोबरच्या अकरांपैकी दहाजण रानात पळतात. एकटा विग्लाफ उभा राहतो. सर्प मरतो, राजाही मरतो. त्यानंतर कवी विजयाचा पोवाडा गात नाही. विग्लाफ म्हणतो की एकाच्या इच्छेपायी पुष्कळांना दुःख भोगावे लागते. दूत येऊन सांगतो की आता फ्रँक येतील, फ्रिसियन येतील, स्वीड येतील. चितेपाशी एक स्त्री येणाऱ्या गुलामगिरीच्या भयाने आक्रोश करते. आणि काव्याचा अगदी शेवटचा शब्द राजाची कीर्तीची असोशी सांगणारा आहे! ती स्तुती आहे की त्या स्तुतीत एक बारीक काटा आहे, यावर विद्वान आजही भांडतात. भांडण होऊ शकते यातच वीरकाव्याची थोरवी आहे.

आता गवेनची चूक पाहा. जीव वाचविणारा म्हणून दिलेला हिरवा पट्टा त्याने यजमानापासून लपविला. शिक्षा काय? कुऱ्हाडीचे दोन घाव हूल देऊन थांबतात, तिसऱ्याने मानेवर ओरखडा उमटतो. या चुकीने कोणी मेले नाही, कोणाचे घर जळले नाही, कोणा प्रजेवर खंडणी बसली नाही. लान्सलॉटची चूक तर याहून सूक्ष्म. क्रेतियांच्या कथेत राणीच्या शोधासाठी त्याला गुन्हेगारांना मिरविण्याच्या गाडीत चढावे लागते. चढण्यापूर्वी तो दोन पावले रेंगाळतो. पुढे राणी त्याच्याकडे पाठ फिरविते, का, तर ती दोन पावले! हे वाचून हसू नये. मनुष्याच्या मनातील दोन पावलांचे अंतर मोजणारा काटा वीरकाव्याजवळ नव्हता. तो रोमान्सने घडविला. मात्र त्या काट्यावर एकच मनुष्य तोलला जातो हे विसरू नये.

तिसरा प्रश्न : नायक परतल्यावर काय घडते? बेवुल्फ डेन लोकांकडून मिळालेल्या देणग्या घेऊन घरी येतो, आणि त्यांतील उत्तम वस्तू हिगेलाकच्या व राणीच्या हवाली करतो. हिगेलाक त्याला जमीन आणि वाडा देतो. देणगी हातोहात फिरते आणि तिच्याबरोबर निष्ठा फिरते. पहिल्या शतकात टॅसिटसने जर्मानिक टोळ्यांतील नायक व अनुचर यांच्या ज्या नात्याचे वर्णन केले, तेच हे नाते. गवेन परततो तो लज्जा घेऊन. तो पट्टा दाखवितो, अपराध सांगतो. दरबार हसतो, आणि सर्वांनीच तसा पट्टा मानाने घालावा असे ठरवितो. त्याची लज्जा त्यांना अलंकार वाटते! या हास्याने काव्य संपते आणि गवेन त्या हास्यात एकटा राहतो. एकाकडे भर सभेत हिशेब, दुसऱ्याकडे भर सभेत एकटेपणा.

हे तीन प्रश्न हाती असले म्हणजे बारीकसारीक गोष्टीही आपोआप जागेवर बसतात. बेवुल्फला शेकडो ओळी पुरविणारे सर्प आणि राक्षस गवेनलाही वाटेत भेटतात. पण लांडगे, रानमाणसे, अस्वले, सर्प, राक्षस या सर्वांचा निकाल त्या कवीने काही थोड्या ओळींत लावला आहे. कारण उघड आहे. गवेनचे खरे संकट रानात नाही. ते ऊबदार खोलीत, पडद्याआड, गोड शब्दांत त्याची वाट पाहत आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सीमारेषा पुसट आहे, पुष्कळ ग्रंथ दोन्हीकडे मोडतात, म्हणून भेदच करू नये. हा आक्षेप मला उलट उपयोगी वाटतो. सीमेवरचे ग्रंथ पाहिले म्हणजेच भेद उजळतो. इ. स. १२०० च्या सुमारास वूस्टरशायरमधील लेयामन या धर्मगुरूने, वेस या फ्रेंच लेखकाच्या आधारे, ब्रिटनची कथा इंग्रजीत सांगितली. वेसमध्ये गोल मेज हे दरबारी शिष्टाचाराचे साधन आहे. सरदारांनी उच्चनीच आसनांवरून वाद घालू नये एवढाच हेतू. लेयामनच्या हाती तीच गोष्ट येताच तेथे नाताळच्या पंगतीत खरोखर मारामारी होते, माणसे पडतात, आणि आर्थर भांडण सुरू करणाऱ्याला दलदलीत टाकण्याची व त्याच्या नात्यातील स्त्रियांची नाके कापण्याची आज्ञा देतो. विषय रोमान्सचा, नजर वीरकाव्याची. तसेच १४०० च्या सुमाराच्या अनुप्रासबद्ध 'आर्थरमरण' काव्याचे. आर्थर रोमच्या सम्राटावर स्वारीस जातो. घरी मॉर्ड्रेड राज्य गिळतो. राजाच्या महत्त्वाकांक्षेची किंमत सारा देश देतो. लान्सलॉट तेथे गर्दीतील एक आहे.

आणि मॅलरी? त्याच्या ग्रंथात सांधा प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. शेकडो पाने नाइट हिंडतात, द्वंद्वे करतात, शपथा घेतात. मग राणीला चितेवरून सोडविताना, गर्दीत न ओळखता, लान्सलॉटच्या हातून निःशस्त्र गॅरेथ मारला जातो. गॅरेथ हा गवेनचा भाऊ. त्या क्षणी पहिल्यांदा एका नाइटच्या प्रेमाची किंमत दुसऱ्याच्या भावाने दिली. तेथून पुढे रक्ताचे नाते आणि स्वामिनिष्ठा यांची जी टक्कर सुरू होते ती राज्य बुडाल्याशिवाय थांबत नाही. ग्रंथ तोच, पात्रे तीच. पण किंमत देणारा बदलताच रोमान्सचे वीरकाव्य झाले.

'हॅव्हलॉक'चा अपवादही येथेच समजावून घेता येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या या कथेत राजपुत्र एका कोळ्याच्या घरी वाढतो, मासळीच्या टोपल्या वाहतो, लिंकनच्या सरदाराच्या मुदपाकखान्यात हमाली करतो. हिला रोमान्स म्हणतात, आणि कथेच्या घाटावरून ते बरोबरही आहे. पण दरबारी नाइटची आचारसंहिता तिच्यात शोधू नये. रोमान्सच्या मोठ्या वाड्यात नाइटची कथा ही एक दालन आहे, सारा वाडा नव्हे. तक्त्याने हेही सांगितलेले नसते.

आणखी एक मत येथेच निकालात काढावयास हवे. वीरकाव्य हे रानटी बालपण आणि रोमान्स हे संस्कृत तारुण्य, अशी एक शिडी आपले वक्ते लावतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दोनेक शतके दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रजी काव्याचा आश्रय तुटला. वीरकाव्य मागे पडले याच्या अनेक कारणांत हे एक मोठे राजकीय कारण आहे. केवळ मनुष्यस्वभाव सुधारला म्हणून काही घडले नाही. त्याहीपुढे पाहा : 'सर गवेन' आणि अनुप्रासबद्ध 'आर्थरमरण' ही जवळजवळ एकाच पिढीची काव्ये आहेत. शिडीची वरची आणि खालची पायरी एकाच उंचीवर असेल, तर तिला शिडी म्हणू नये. उलट, रोमान्स म्हणजे वीरकाव्याची पडझड, असे म्हणणारेही तितकेच चुकतात. गवेनच्या मानेवरचा ओरखडा लिहिणे हे सर्प मारण्याइतकेच अवघड काम आहे.

हा सगळा पंडिती काथ्याकूट आहे, असे कोणी म्हणेल. मी तसे मानीत नाही. आणि कारण २००७ साली पडद्यावर आलेल्या 'बेवुल्फ' चित्रपटाने माझ्या हाती दिले आहे. त्यात बेवुल्फ ग्रेन्डेलच्या आईला मारीत नाही. तिच्या मोहाला बळी पडतो, आणि म्हातारपणी जो सर्प राज्य जाळावयास येतो तो त्याचाच पुत्र निघतो. दिग्दर्शकाला वाटले असावे, की कथेला खोली आली. घडले असे, की एका जमातीची कथा एका पुरुषाच्या खाजगी पापाची कथा झाली. मूळ काव्यात सर्प का जागा होतो? कोणा एका गांजलेल्या दासाने धन्याच्या कोपातून सुटण्यासाठी त्याच्या निधीतला एक पेला चोरला म्हणून. किती साधे कारण, आणि किती भयंकर! तळाच्या माणसाच्या हातून एक पेला हलतो आणि वरचे राज्य जळते. ही जाणीव चित्रपटाने पुसली आणि तिच्या जागी नायकाचा मोह आणून बसविला. तक्त्यावर वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात काही खटकले नाही. सर्प होता, तलवार होती, डाव्या रकान्याच्या सर्व अटी पूर्ण झाल्या होत्या.

हीच खोड पुस्तकांपुरती राहत नाही. आपल्या या परप्रांतस्थ मराठी मंडळीत निवृत्तीनंतर आठवणी लिहिण्याची प्रथा चांगली आहे, आणि त्यांतील काही आठवणी खरोखरच वाचनीय असतात. पण त्या बहुतेक रोमान्सच्या घाटाने लिहिलेल्या असतात. प्रत्येक जिल्हा एक अरण्य, प्रत्येक बदली एक मोहीम, प्रत्येक मंत्री एक राक्षस. आणि घोड्यावर एकटा, निष्कलंक अधिकारी. कसोटी झाली, नायक उतरला, पुढचे प्रकरण. शिळेवर पाणी ओतल्यावर जे वादळ उठले, त्यात कोणाचे रान मोडले, ते त्या प्रकरणात नसते. मी स्वतः कारकून आहे. वादळानंतरचे कागद ज्यांच्या मेजावर येतात त्यांपैकी एक. म्हणून माझी वृत्ती या बाबतीत किंचित पक्षपाती असेल, तर सुज्ञ वाचकांनी ती समजून घ्यावी. परंतु प्रश्न वृत्तीचा नसून न्यायाचा आहे. अधिकारपदावरील मनुष्याला 'तू कसोटीला उतरलास काय?' असे विचारणे हा रोमान्सचा प्रश्न. तो थोर प्रश्न आहे. एकांतात, आरशापुढे, प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. मात्र ज्याच्या सहीवर इतरांचे बरेवाईट अवलंबून आहे, त्याला लोकांनी विचारावयाचा प्रश्न वीरकाव्याचा आहे : तुझ्या अभिमानाची किंमत कोणी दिली? बिर्टनॉथला पहिला प्रश्न विचारला तर तो सर्व गुणांनी उत्तीर्ण होतो. दुसरा विचारला, की प्रेते मोजावी लागतात.

माल्डनच्या काव्यात डनरे नावाचा एक मनुष्य आहे. तो सरदार नाही, सरदाराचा नातलग नाही, साधा शेतकरी. धनी पडल्यावर जे बोलतात त्यांत तोही भाला उंचावून चार शब्द बोलतो आणि लढतो. त्याच्या आधी व नंतर थोरामोठ्यांची भाषणे आहेत. कवीने त्याचे भाषण त्याच ओळीत, त्याच मानाने बसविले आहे. इव्हेनच्या कथेतला गुराखी आठवा : तो वाट दाखवितो आणि कथेतून निघून जातो. एका काव्यप्रकारात सामान्य मनुष्य हा वाटेवरचा दगड आहे, दुसऱ्यात तो साक्षीदार आहे आणि भागीदारही आहे. दोन्ही प्रकार थोर आहेत, दोन्ही वाचावेत. पण कोणत्या ग्रंथाला कोणता प्रश्न विचारावयाचा, आणि कोणत्या माणसाला, हे ज्याला कळत नाही, त्याने तो तक्ता पाठ केला काय आणि न केला काय, सारखेच.